दाखवायचं घर

चौथ्या ओळीवर त्याच्याच घराचा पत्ता होता. सिग्नलला गाडी थांबली म्हणून त्यानं समोर पडलेला कागद उचलला, एरवी तो वाचायची त्याला गरजच नव्हती. पाहुणा खेळाडू येणार असला की ऑफिसातल्या बाई असा एक कागद छापून हातात ठेवायच्या. स्टेशनवरून घेणे, मैदान दाखवणे, व्यायामशाळा, नंतर राहण्याचा फ्लॅट, आणि दीड वाजता अध्यक्षांबरोबर जेवण. तीन पाहुणे त्यानं याच क्रमानं फिरवले होते. आज फक्त फ्लॅटचा पत्ता बघायचा होता, कारण नदीकाठचे नवे फ्लॅट क्लबनं मागच्याच महिन्यात सोडले होते. इमारतीचं नाव ओळखीचं, तिसरा मजला ओळखीचा, दार क्रमांक अकरा. त्याला आधी हसूच आलं. बाईंची चूक झाली, दुसरं काय, कामाच्या गर्दीत होते. मग त्याला पुढचे तीन शब्द दिसले: एक तारखेपासून रिकामा. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तेव्हा सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला असावा. शेजारी बसलेला चोवीस वर्षांचा पाहुणा अदबीनं म्हणाला, "दादा, सुटला सिग्नल." त्यानं गाडी पुढे काढली. थोड्या वेळानं पाहुण्यानं विचारलं, "फ्लॅटमध्ये ऊन येतं का हो?" आणि विचार करायच्या आत त्याच्या तोंडून गेलं, "दुपारनंतर येतं. पुढच्या खोलीत. सकाळी स्वयंपाकघरात थोडंसं." पाहुणा खूश झाला. एवढी बारीक माहिती ठेवणारा क्लब त्यानं पाहिला नव्हता, असं तो म्हणाला.

नऊ वर्षं तो या फुटबॉल संघात डाव्या बाजूला मागे खेळत होता. संघात सगळे त्याला दादा म्हणायचे, कोचसुद्धा, आणि कोच त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा होता. संघाची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. सोळा सामन्यांत दोन विजय, आणि त्यातला एक समोरच्याच खेळाडूनं स्वतःच्या जाळ्यात चेंडू मारला म्हणून. दुसऱ्या क्लबकडून खेळाडू सोडवून आणायची ऐपत उरली नव्हती, तेव्हा ज्यांचे करार संपलेत, जे सध्या कुणाचेच नाहीत, अशांच्या मागे क्लब लागला होता. त्यांना म्हणायचं फ्री एजंट. काय रुबाब आहे शब्दाला! चार क्लब ज्याला बोलावतात तो फ्री एजंट, आणि ज्याला कुणीच बोलावत नाही त्याला हीच मंडळी बेकार म्हणतात. तर या रुबाबदार लोकांना फिरवायचं काम कोचनं त्याच्या गळ्यात घातलं होतं. "तू बोलतोस छान. तुझ्या तोंडून ऐकलं की माणसाला खरं वाटतं." खरं वाटायचं कारण तो खरंच बोलायचा. पूर्वेकडच्या स्टँडमधल्या निम्म्या खुर्च्या गेल्या होत्या, तर तो म्हणायचा, इथं बसणारे लोक नव्वद मिनिटं उभेच असतात, खुर्च्या लागतात कुणाला. व्यायामशाळेतलं एक यंत्र दोन वर्षं बंद होतं, त्याच्यावर तो हात ठेवून उभा राहायचा म्हणजे पाटी झाकली जाई. पहिला पाहुणा गोलकीपर होता, त्यानं विमानतळ किती लांब आहे एवढंच विचारलं. दुसऱ्यानं जांभई दिली आणि आठ दिवसांत दुसऱ्या क्लबच्या जर्सीत पेपरात झळकला. तिसरा तोंडभर हो म्हणून गेला आणि मग त्याच्या बायकोला म्हणे शहर उदास वाटलं. तेव्हाही हा त्या बायकोवर मनातल्या मनात चिडला होता. उदास? संध्याकाळी पुलावरून बघितलंय का कधी?

आणि हा चौथा डाव्या बाजूलाच खेळणारा आहे, हेही त्याला ठाऊक होतं. ते काही कुणी लपवलं नव्हतं. कोच म्हणाला होता, "तुझ्या हाताखाली तयार होईल. एखादं वर्ष तू त्याला सांभाळ, मग बघू." एखादं वर्ष, असं कोचनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. त्या शब्दांवर तो दोन आठवडे जगला होता. त्याआधी हिवाळ्यात सरावानंतर तो मॅनेजरच्या खोलीत गेला होता, दाराशीच उभा राहून, घाम न पुसता, कारण बसलो तर आपण मागायला आलोय असं दिसेल. "माझा करार या महिनाअखेरीस नाही, पण जूनअखेर संपतोय," एवढं म्हणाला. मॅनेजर उठून आला, खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "तुझं काय, तू घरचाच. तुझं बघू रे." खांद्यावरचा तो हात तो घरापर्यंत घेऊन आला होता. बायकोला म्हणाला, झालंच समज. आईला फोनवर म्हणाला, झालंच समज. आई दरवर्षी एकच प्रश्न विचारायची, "तुझं पक्कं झालं का?" तिला हा सगळा खेळ म्हणजे नोकरीच्या आधीची काहीतरी उमेदवारी वाटायची. नऊ वर्षं तिला वाटत होतं की मुलगा अजून उमेदवारच आहे, आणि नऊ वर्षं तो तिच्यावर हसत होता. आता गाडी चालवताना त्याला वाटलं की संपूर्ण क्लबात, कोच, मॅनेजर, अध्यक्ष सगळे धरून, खरं काय ते फक्त त्या म्हातारीला कळलं होतं.

पेट्रोलपंपावर हवा भरायच्या निमित्तानं तो उतरला. चाकांत हवा व्यवस्थित होती. पंपाच्या भिंतीआड जाऊन त्यानं ऑफिसात फोन लावला. बाई भल्या होत्या, वाढदिवसाला सगळ्यांना आठवणीनं फोन करायच्या. "मला वरून यादी आली हो," त्या म्हणाल्या. "तीस तारखेला ज्यांचे करार संपताहेत त्यांचे फ्लॅट. मी नुसते नंबर टाकले. कोण कुठं राहतं ते माझ्याकडं नसतंच." मग एकदम, "अय्या! अकरा म्हणजे तुमचा का?" त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग असं करा ना, नऊ नंबरचा दाखवा. तोही आहे यादीत." नऊ नंबरमध्ये राखीव गोलकीपर राहत होता आणि त्याला तीन आठवड्यांचं बाळ होतं. "त्याला माहितेय?" त्यानं विचारलं. बाई घाईघाईनं म्हणाल्या, "मी काही बोलले नाही हं दादा. माझं नाव येऊ देऊ नका." फोन बंद केल्यावर तो भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला. राग तळपायापासून वर चढत होता आणि तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. बाईंवर काढून उपयोग नव्हता. काढून टाकलं म्हणून राग होता असंही नाही. तेहतीस वर्षं वय, गुडघा असा, कधीतरी हे होणारच होतं. आपल्याला काढलं आणि आपल्याला कळवायचं राहून गेलं, दूधवाल्याला उद्यापासून दूध नको म्हणून सांगतात तेवढंही सांगितलं नाही, आणि वर त्याच दिवशी, त्याच पगारात, आपल्याच जागेवर येणाऱ्या माणसाला आपलंच घर दाखवायला आपल्यालाच पाठवलं! कुणी सूड म्हणून केलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. सूड घ्यायला निदान माणूस आठवावा लागतो.

गाडीत परत बसल्यावर एक वेळ त्याच्या मनात आलं की किल्ली मिळाली नाही म्हणावं, पाहुण्याला सरळ जेवायला न्यावं. किल्ली त्याच्याच खिशात होती, गाडीच्या किल्लीबरोबर एकाच कडीत अडकवलेली. पण मग त्याला स्वतःचाच संताप आला. पुन्हा झाकायचं? बंद यंत्रावर ठेवतो तसा हात ठेवून उभं राहायचं? त्यानं गाडी घराकडे वळवली. दाखवायचं ना, दाखवू. इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना चढताना गुडघा प्रत्येक पायरीला बारीक आवाज करायचा, ऐकू फक्त त्यालाच यायचा. दोन वर्षांपूर्वी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मध्यंतराला कोच त्याच्यासमोर उकिडवा बसला होता, गुडघ्याशी तोंड नेऊन बोलत होता, गुडघ्यालाच विनवतोय असं वाटावं. "पंचेचाळीस मिनिटं दे. फक्त पंचेचाळीस. नाहीतर आपण सगळे खालच्या लीगमध्ये." फिजिओनं इंजेक्शन दिलं आणि मान फिरवली. दुसऱ्या अर्ध्यात पाय स्वतःचा नव्हताच. हिरवळ पायाखाली आहे हे डोळ्यांनी बघून कळत होतं. संघ वाचला. लोक मैदानात धावत आले, कुणीतरी त्याला उचललं, आणि उचललेलं असतानाच औषधाचा असर उतरायला लागला होता आणि तो हसत होता. डॉक्टरनं नंतर चार महिने सांगितले, तो सहा आठवड्यांत परतला. लवकर ये असं कुणी सांगितलं नव्हतं. घरचाच ना तो! दुसऱ्या मजल्यावर पाहुण्यानं विचारलं, "दादा, पाय दुखतोय का?" आणि त्यानं सवयीनं नाही म्हटलं.

स्वतःच्या दारासमोर आल्यावर त्यानं किल्ली काढली नाही, बेल वाजवली. ती बेल बाहेरून कशी वाजते हे त्यानं फार कधी ऐकलं नव्हतं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि आज तिचा सुट्टीचा दिवस होता. तिनं केस धुतले होते, डोक्याला टॉवेल होता. "किल्ली विसरलास?" म्हणाली, आणि मागचा माणूस दिसल्यावर टॉवेल सावरत बाजूला झाली. "या ना. अरे फोन तरी करायचास, घर बघ कसं पडलंय." मुलीची गादी ऊन दाखवायला गॅलरीत टाकली होती, सकाळी शाळेची घाई झाली त्याच्या खुणा सगळ्या खोलीभर होत्या, एक मोजा खुर्चीवर, एक टेबलाखाली. पाहुणा दाराशीच थबकला. रिकामं घर बघायला आलेल्या माणसाला असं भरलेलं घर दिसलं की डोळे कुठं ठेवायचे ते त्याला कळेनासं होतं. "सॉरी," तो म्हणाला, "मला वाटलं इथं कुणी राहत नाही." बायको हसली. "का हो? आम्ही काय भुतं?" मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं आवरलं. त्यानं कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला. दुकानात लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची सवय असलेली ती बाई, एकेक अक्षर वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवरून पुन्हा चौथ्या ओळीवर आली. मग पाहुण्याला विचारलं, "तुम्ही कुठं खेळता?"

"डाव्या बाजूला, वहिनी. मागे."

"याच्याच जागी," ती म्हणाली. पाहुण्याला उद्देशून नाही, कुणालाच उद्देशून नाही. तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, तो फारच लहान झाल्यावर टेबलावर ठेवला. तिच्या मानेवर ओल्या केसांचं पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "तुला कधी कळलं?" तिनं विचारलं. "आत्ता. सिग्नलला." "आणि तरी घेऊन आलास?" पाहुणाच मध्ये बोलला. त्याचे कान लाल झाले होते. "मी नाही येत इथं. मी सांगतो त्यांना. हे असं असेल तर मी सहीच करत नाही." झालं, दादाचा इतका वेळ दाबलेला राग त्या बिचाऱ्याच्याच अंगावर गेला. "माझ्यावर उपकार करतोस? नऊ वर्षं मी कुणाच्या दयेवर खेळलो नाही. तू नाही म्हणालास तर ते पाचवा आणतील आणि त्यालाही मलाच फिरवायला लावतील. तुला नाही म्हणायचं तर संघ वाईट आहे म्हणून म्हण. सोळांत दोन जिंकलोय म्हणून म्हण. माझ्यासाठी म्हणायचं नाही." खोलीत आवाज जरा जास्तच मोठा झाला. शेजारचं दार उघडल्याचं आणि हळूच बंद झाल्याचं ऐकू आलं. पाहुणा मान खाली घालून म्हणाला, "मला दुसरीकडून बोलावणं नाहीये, दादा. चार क्लब आहेत असं माझा एजंट सगळीकडे सांगतो. एकही नाही. मे महिन्यापासून मी काकांच्या अंगणात एकटा पळतोय."

बायकोनं खुर्चीवरचा मोजा उचलला आणि म्हणाली, "बसा." पाहुणा बसला. दादाही बसला. एवढ्या वेळात त्यानं पाहुण्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. मांडीवर ठेवलेले हात मोठे, नखं कुरतडलेली. हा चेहरा त्याला ओळखीचा वाटला, आणि नऊ वर्षांपूर्वीचा आपला असा असेल असं वाटलं. तेव्हा त्याला स्टेशनवर घ्यायला कुणीच आलं नव्हतं. पत्ता विचारत, खांद्यावर बॅग घेऊन, चालत मैदानावर गेला होता आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही केली होती. वाचलंसुद्धा नाही. वाचणं त्याला संशय घेतल्यासारखं वाटलं होतं. "कागद दे," तो बायकोला म्हणाला. तिनं मुलीच्या वहीतलं मागचं पान फाडून पाहुण्यासमोर ठेवलं. "लिही. करार दोन वर्षांचा, आणि दुसरं वर्ष त्यांच्या मर्जीवर नाही. दुखापत झाली तर कधी परत खेळायचं ते डॉक्टर ठरवेल, कोच नाही. डॉक्टर तू निवडलेला. लिहिलंस? करार पुढं न्यायचा नसेल तर तीन महिने आधी सांगायचं, लेखी, तोंडी नाही. खांद्यावर हात ठेवून तर नाहीच." पाहुणा भराभर लिहीत होता. "आणि फ्लॅट," बायको म्हणाली. "हो, फ्लॅट. करार संपल्यावर दोन महिने राहता येईल. त्याआधी कुणालाही दाखवायला आणायचं नाही." "विचारल्याशिवाय," बायको म्हणाली. "विचारल्याशिवाय," तो म्हणाला. एकेक ओळ सांगताना त्याच्या अंगात एक विचित्र स्वच्छपणा येत होता, आणि पाठोपाठ लाजही. ही सगळी कलमं त्याला तोंडपाठ होती. म्हणजे ती कुठंतरी आत तयार होत होती, एकेका वर्षी एकेक, आणि त्यानं एकही बाहेर काढलं नव्हतं. पाहुण्यानं पेन थांबवून विचारलं, "तुमच्या करारात हे सगळं आहे?" बायकोच म्हणाली, "यानं कधी मागितलंच नाही." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

दीडच्या सुमारास दोघं क्लबच्या वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या खोलीत शिरले. खिडकीतून मैदान दिसायचं. हिरवळीवर पाणी मारणं चालू होतं. अध्यक्ष, मॅनेजर आणि कोच आधीच बसले होते. टेबलावर चार ताटं मांडली होती. मॅनेजर लगबगीनं उठला, पाहुण्याचा हात हातात घेतला, आणि दादाला म्हणाला, "थँक यू रे. तू खाली थांब, तासाभरात याला सोडायचंय." पाय सवयीनं वळलेसुद्धा. मग त्यानं भिंतीकडच्या टेबलावरून एक ताट घेतलं, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि पाहुण्याच्या शेजारी बसला. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. "माझाही करार तीस तारखेला संपतोय," तो म्हणाला. "मीही फ्री एजंट आहे. म्हटलं, याला सांगताय ते मलाही सांगा. या क्लबात मी का राहावं?" मॅनेजर हसला, आणि कुणीच हसत नाही म्हटल्यावर थांबला. "हा विषय आपण वेगळा घेऊ. तुझं—" "माझा फ्लॅट आत्ता दाखवून आलो. चांगला आहे. माझी मुलगी राहते तिथं." कोचनं ताटातला चमचा उचलून पुन्हा तिथंच ठेवला. "दादा, गुडघा..." तो पुटपुटला. "गुडघा कुणासाठी गेला?" त्यानं विचारलं. कोचनं मान वर केली नाही. दादाला वाटलं होतं की हा प्रश्न विचारताना आपला आवाज फाटेल. तो फाटला नाही. खाली पाण्याचा फवारा गोल फिरत होता, आणि इतकी वर्षं जिथं तो धावला ती डावी कड तेवढी कोरडी राहत होती, फवारा तिथवर पोचत नव्हता. हे त्यानं तीनदा ऑफिसात सांगितलं होतं.

तेवढ्यात पाहुण्यानं खिशातून वहीचं पान काढलं, टेबलावर सरळ केलं आणि अध्यक्षांपुढं सरकवलं. "मला यायचंय," तो म्हणाला, "पण हे सगळं लेखी हवं." अध्यक्षांनी चष्मा लावून पान वाचलं, शांतपणे, वरपासून खालपर्यंत. "हे तुला कुणी सांगितलं?" पाहुण्यानं शेजारी पाहिलं. "मी," दादा म्हणाला. मॅनेजरच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख उमटलं, फसवल्या गेलेल्या माणसाचं. याच माणसाला आज पहिल्यांदा आपल्याविषयी काही वाटलं, असं दादाच्या मनात येऊन गेलं. "अरे," मॅनेजर म्हणाला, "तू आपल्या बाजूचा ना?"

"तीस तारखेपर्यंत," तो म्हणाला. मग त्यानं वाढायचा चमचा हातात घेतला आणि आधी पाहुण्याच्या, मग स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. त्याला कडकडून भूक लागली होती.